नऊ नंबरचं रीळ

सेलूत आजही दोन पार्ट्या आहेत.
एक म्हणते, ओरून मेला.
दुसरी म्हणते, मेलता, पण परत आला.
लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारी कोण ते बघून बसतात.

मी दोन्हीकडचा चहा पितो.
एकोणीस वर्षं बलभीम टॉकीजचा ऑपरेटर,
कार्बनच्या कांड्यांनी बोटं काळी,
म्हणून दोघं मला साक्षीला धरतात.
मी म्हणतो, मशीनच्या खोलीतून काय दिसतंय बाबा,
एवढीशी खिडकी.

‘सात सूर्यां’चा तिसरा भाग, हिंदीत बोलणारा.
पेट्या नांदेडहून पॅसेंजरनं आल्या, उशिरा,
डब्यांवरचे खडूचे आकडे हमालाच्या घामानं पुसलेले.
तीनच्या शोला मधेच लाईट गेली.
जनरेटर खोकत खोकत उठेपर्यंत
अंधारात मी नऊच्या जागी दहा चढवलं.

दहात ओरून निळ्या चंद्राच्या विहिरीत पडतो.
नऊत तो विमानात असतो, दाढी वाढलेली,
बहिणीकडं बघून हसतो
आणि उडतो.

दहा संपल्यावर कळलं. मग नऊ लावलं, दुसरं करणार काय.
पब्लिक खुर्च्यांवर उभं राहिलं.
पडद्यावर एवढी चिल्लर पडली की झाडणाऱ्या बाईनं पातेलं घेतलं.
सहाला मी डबे नीट लावले.
सहाला तो हसला, उडाला, पडला, संपला.
लोक नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

तेव्हापासून.

मोईन सर तीनचे. गणित शिकवायचे.
विहिरीला तळ दाखवलाय का? नाही.
तळ नाही म्हणजे आपटणं नाही,
आपटणं नाही तर मरण कशाचं?
रुक्मांगद सहाचा, जिनिंगच्या वजनकाट्यावर.
“एकदा पावतीवर आकडा चढला की खोडत नसतो, सर.
मेला म्हंजे मेला.”

चौथा आला, पाचवा आला. ओरूनचं नावही नाही.
सर म्हणाले, लपलाय.
रुक्मांगद म्हणाला, पुरलाय.
सहाव्यात राणीचा हिरवा झगा जांभळा निघाला,
त्याच्यावरून पानटपरीवर महिनाभर बोलणं बंद.
रुक्मांगदच्या पोरानं तर तिसरीच पार्टी काढली:
पहिले दोनच खरे, बाकीचे नुसते पैशासाठी.
बाप त्याला दोन दिवस जेव म्हणाला नाही.

टॉकीज पाडलं. तिथं आता मंगल कार्यालय.

यंदा नववा. संभाजीनगरला गेलो,
सर, रुक्मांगद, मी, आणि पोस्टातून निवृत्त झालेली कुशावर्ता.
मध्यंतरानंतर ओरून आला.
खराच आला. पांढरी दाढी, छातीत यंत्र,
आणि आपण कसे वाचलो ते
अर्धा तास सांगत बसला.

मी सरांकडं बघितलं. आता उडी मारतील.
सर रेलून बसलेले.
बाहेर आल्यावर म्हणाले, “हा नव्हे.
आपला काही बोलला नव्हता.
पडला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विमानात, हसत.
खुलासा देणारा ओरून मी बघितलाच नाही.”
रुक्मांगद डोळे पुसायला लागला,
“आला ना पण, सर. आला ना.”

परतीच्या गाडीत जालन्यापासून भांडण,
परतूर गेलं तरी सुरूच.
आता बाजू बदललेल्या, आवाज तेच.

सांगून टाकावं वाटलं. तोंड उघडलंही.
कुशावर्तानं शेंगांची पुडी पुढं केली.
“मी दोन्ही शो बघितलते त्या दिवशी,” हळूच म्हणाली,
“तीनचाबी, सहाचाबी.
आईला सांगितलं, टायपिंगची परीक्षा आहे.”

मग?

“मग काय. तीनचा चांगला होता.”

सातोना गेलं. बाहेर काळं रान, एखादा दिवा.
ते दोघं अजून विहिरीच्या तळाशी.
मी शेंगा सोलत राहिलो,
टरफलं खिशात टाकत.